सौरज्वाला: सूर्यावर चुंबकीय ऊर्जा साठते कशी आणि सुटते कशी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सातारा, कराड, सांगली भागात दिवसा दुर्बीण लावून पडद्यावर सौरडाग दाखवले, की पाच-सहा प्रश्न ठरलेले असतात. त्यांची उत्तरं इथे आहेत, आणि त्यापुढचे जरा खोलातले प्रश्नही घेतले आहेत. उदाहरणं मुद्दाम कोयना-कृष्णेची आहेत, कारण साठा, विसर्ग आणि दरवाजे या भागात कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत.

सौरज्वाला म्हणजे सूर्यावर लागलेली आग का?

नाही. ज्वालेत काहीच जळत नाही. गाभ्यातल्या अणुसंमीलनाशीही तिचा थेट संबंध नाही. डागांच्या वरच्या भागात चुंबकीय क्षेत्रात साठलेली ऊर्जा काही मिनिटांत उष्णता, प्रकाश आणि वेगवान कणांच्या रूपात बाहेर पडते. सप्टेंबर १८५९ च्या पहिल्या दिवशी रिचर्ड कॅरिंग्टन आणि रिचर्ड हॉजसन या दोन इंग्रज निरीक्षकांना स्वतंत्रपणे डागांच्या घोळक्यावर झगझगीत ठिपके दिसले. सौरज्वालेची ती पहिली नोंद. डागांमध्ये चुंबकत्व असतं, हे मात्र कळायला जॉर्ज हेल यांचं १९०८ मधलं काम यावं लागलं.

ऊर्जा चुंबकीयच कशावरून? उष्णतेची का नाही?

हिशेब करून बघा. चुंबकीय ऊर्जेची घनता काढायला क्षेत्राच्या गाउसमधल्या (गाउस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) आकड्याचा वर्ग करायचा आणि त्याला ८ पाय म्हणजे २५.१ ने भागायचं. उत्तर दर घन सेंटीमीटरला इतके अर्ग (अर्ग हे ऊर्जेचं छोटं एकक) असं येतं. डागांवरच्या कोरोनात (सूर्याच्या बाहेरच्या विरळ, तप्त आवरणात) १०० गाउस धरले तर १०,००० भागिले २५.१, म्हणजे जवळपास ४००. त्याच जागेतला वायू वीस लाख अंश तापलेला असला तरी इतका विरळ असतो (घन सेंटीमीटरला शंभर कोटी कणांच्या आसपास), की त्याची उष्णता एक अर्गच्या घरात भरते. गुरुत्वाकर्षणाची ऊर्जा त्याहूनही कमी. ज्याच्या खिशात एक रुपया आहे तो चारशेचं बिल कसं भरणार? म्हणजे पैसे चुंबकीय क्षेत्राच्याच खिशातून येतात.

मोठ्या ज्वालेत ऊर्जा किती असते?

एकावर २५ शून्यं इतके ज्यूल. कोयना जलविद्युत प्रकल्पाची स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट. सगळी जनित्रं रात्रंदिवस पूर्ण भाराने चालवली, तर एवढी वीज तयार व्हायला सुमारे १६ कोटी वर्षं लागतील.

पण सूर्याच्या मानाने ही रक्कम चिल्लरच. सूर्य एवढी ऊर्जा सेकंदाच्या चाळिसाव्या भागात सहज फेकतो. म्हणून डोळ्यांना दिसणाऱ्या एकूण उजेडात फरक जाणवत नाही. ऑक्टोबर २००३ मधल्या प्रचंड ज्वालेनेही सूर्याचा एकूण प्रकाश ०.०३ टक्क्यांहून कमीच वाढला. क्ष-किरणांत मात्र तोच सूर्य शेकडो पटींनी उजळतो.

डागात जेवढी चुंबकीय ऊर्जा आहे तेवढी सगळी सुटते का?

हा मुद्दा सर्वांत जास्त वेळा चुकीचा सांगितला जातो, म्हणून जरा सविस्तर.

कोयना धरणाची एकूण क्षमता १०५ टीएमसी. त्यातला सुमारे पाच टीएमसी मृतसाठा. पाणी असतं, मोजलं जातं, पण वापरता येत नाही. चुंबकीय क्षेत्रातही असाच मृतसाठा असतो. सूर्याच्या पृष्ठभागावर उत्तर आणि दक्षिण ध्रुवीयतेचे ठिपके जसे मांडलेले आहेत, त्या मांडणीला शोभेल असं सर्वांत कमी ऊर्जेचं एक क्षेत्र असतं. त्यात विद्युतप्रवाह नसतो, पीळ नसतो, बलरेषा सरळ वळण घेऊन एका ठिपक्यातून दुसऱ्यात उतरतात. याला विभव क्षेत्र म्हणतात. खालचे ठिपके आहेत तोवर ही ऊर्जा कुठल्याही ज्वालेला काढून नेता येत नाही.

ज्वालेच्या कामी येते ती त्याच्या वरची रक्कम: बलरेषा पिळल्या गेल्यामुळे, तिरक्या ताणल्या गेल्यामुळे साठलेली. हिला मुक्त ऊर्जा म्हणतात. पीळ म्हणजेच कोरोनातून वाहणारा विद्युतप्रवाह. मोठ्या घोळक्यात तो लाख कोटी अँपिअरपर्यंत जातो.

धरणाची उपमा इथे थोडी लंगडी पडते. कोयनेत मृतसाठा एकूण साठ्याच्या वीस भागांतला एक. सूर्यावर उलट, मृतसाठाच बहुतेक वेळा मोठा. शिवाय एका ज्वालेत उपयुक्त साठाही पूर्ण रिकामा होत नाही. म्हणून एकाच घोळक्यातून दोन दिवसांत तीन मोठ्या ज्वाला निघू शकतात.

हा पीळ येतो कुठून?

खालून. दृश्य पृष्ठभागावर (दीप्तिगोलावर) वायू दाट असतो, त्यामुळे तिथे वायू पुढे आणि क्षेत्र मागे, नांगरामागे चऱ्हाट ओढलं जावं तसं. वर कोरोनात नेमकं उलट: वायू विरळ, क्षेत्र जबरदस्त, म्हणून क्षेत्र म्हणेल तसा वायू वागतो. बलरेषांचे पाय खाली दाट वायूत रुतलेले आणि धड वर मोकळं. पाय सरकले की धडाला पीळ बसतो.

हे दोन वाटांनी होतं. एक, उलट ध्रुवीयतेचे डाग एकमेकांना घासून विरुद्ध दिशांना सरकतात, आणि त्यांच्यामधल्या सीमारेषेवर बलरेषा आडव्या झोपतात. दोन, आधीच पिळलेला चुंबकीय दोर सूर्याच्या पोटातून वर येतो. दुसरी वाट जास्त धोक्याची. सप्टेंबर २०१७ मध्ये १२६७३ क्रमांकाचा घोळका महिन्याच्या सुरुवातीला एक साधा, गोल, कंटाळवाणा डाग होता. ३ तारखेपासून त्याच्या शेजारी नवं क्षेत्र झपाट्याने उगवलं आणि ६ तारखेला त्यातून एक्स९.३ ज्वाला सुटली (एक्स हा सर्वांत तीव्र वर्ग, त्याबद्दल पुढे).

मग पीळ बसला की लगेच का सुटत नाही? साठून कसा राहतो?

कारण कोरोना अतिशय उत्तम वाहक आहे. उत्तम वाहकात बलरेषा वायूला चिकटून राहतात, तुटत नाहीत, एकमेकींत मिसळत नाहीत. घर्षणाने आपोआप झिजून पीळ जाईल म्हणाल तर दहा हजार किलोमीटरच्या पट्ट्याला त्यासाठी तीन लाख वर्षं लागतील. ज्वाला प्रत्यक्षात दहा-पंधरा मिनिटांत उरकते. तीन लाख वर्षं आणि पंधरा मिनिटं, या दोन आकड्यांमधली दरी भरून काढणं हेच या विषयातलं खरं काम.

ती दरी भरली कशी? पुनर्जोडणी म्हणजे काय?

उलट दिशांच्या दोन बलरेषा जवळ ढकलल्या गेल्या, की त्यांच्यामध्ये विद्युतप्रवाहाचा पातळ पापुद्रा तयार होतो. पापुद्रा जितका पातळ तितकी तिथली झीज जलद. तिथे रेषा तुटतात आणि वेगळ्या जोडीने परत जुळतात. नव्या रेषा ताणलेल्या गोफणीसारख्या असतात. त्या आखडताना वायूला सेकंदाला हजार किलोमीटरच्या आसपास वेगाने भिरकावतात. ज्वालेच्या मुळाशी अशी काही घडामोड असावी हे रोनाल्ड जिओव्हानेली यांनी १९४६ मध्ये सुचवलं. पीटर स्वीट आणि यूजीन पार्कर यांनी १९५०च्या दशकात त्याचं गणित मांडलं.

गणित बरोबर होतं, उत्तर मात्र अपुरं. तीन लाख वर्षांवरून गाडी आली चार महिन्यांवर. अडचण साधी: पापुद्रा लांब आणि पातळ, म्हणजे गल्ली अरुंद. आत येणाऱ्या वायूला टोकांनी बाहेर पडावं लागतं आणि तिथेच कोंडी होते. यात्रेत एकाच फाटकातून सगळी गर्दी बाहेर काढावी तसं. हॅरी पेटशेक यांनी १९६४ मध्ये लांब गल्लीऐवजी मधोमध छोटीशी जागा आणि बाहेर पडायला रुंद तोंड अशी रचना सुचवली. तिचं उत्तर मिनिटांत येतं. पुढे संगणकी गणितांतून दिसलं, की फार लांब पापुद्रा मुळात टिकतच नाही. त्यात गाठी पडतात, एका पापुद्र्याचे अनेक तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला बाहेर पडायची स्वतःची वाट मिळते. मग पुनर्जोडणीचा वेग, चुंबकीय लहरीच्या वेगाच्या तुलनेत, शंभरावा ते दहावा भाग इतका होतो. वरच्याच पट्ट्याला हे लावलं तर वेळ दोन ते सतरा मिनिटं. निरीक्षणाशी जुळतं.

हे प्रत्यक्ष कुणी पाहिलंय, की नुसतं कागदावर?

पाहिलंय. १३ जानेवारी १९९२ च्या ज्वालेत जपानच्या योहकोह उपग्रहाला कठीण (जास्त ऊर्जेच्या) क्ष-किरणांचा एक स्रोत कमानीच्या माथ्याच्याही वर दिसला. ऊर्जा कमानीत नाही, तिच्या वर सुटते, याचा तो ठळक पुरावा. १० सप्टेंबर २०१७ च्या ज्वालेत कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स व्हॅलीच्या रेडिओ दुर्बिणींनी कोरोनातलं क्षेत्र घटताना थेट मोजलं: सेकंदाला सुमारे ५ गाउस, आणि तेही दोन मिनिटं. टाकीची पातळी उतरताना काचेच्या नळीतून बघावी, तसं.

सुटलेली ऊर्जा जाते कुठे?

क्रम साधारण असा. इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने कमानीच्या दोन्ही पायांकडे धावतात आणि खालच्या दाट वर्णगोलावर (दीप्तिगोलाच्या लगेच वरच्या थरावर) आदळतात. तिथे कठीण क्ष-किरण निघतात आणि दोन समांतर उजळ पट्ट्या दिसतात. आदळलेल्या जागेचा वायू एक-दोन कोटी अंशांपर्यंत तापून वर उसळतो आणि कमानी भरून टाकतो. त्या कमानी मग मऊ (कमी ऊर्जेच्या) क्ष-किरणांत तासन् तास चमकतात. म्हणून कठीण क्ष-किरणांचा आलेख आधी संपतो आणि मऊचं शिखर नंतर येतं. सोप्या भाषेत, कठीण क्ष-किरण म्हणजे नळाची धार आणि मऊ म्हणजे भरत गेलेली बादली. या संबंधाला न्यूपर्ट परिणाम म्हणतात.

पिळलेला दोर जर पूर्ण सुटून अवकाशात गेला, तर तो सोबत अब्जावधी टन वायू नेतो. हा सीएमई (कोरोनल मास इजेक्शन). सुटलेल्या ऊर्जेतला फार मोठा वाटा तोच घेऊन जातो.

ज्वालेनंतर पीळ संपतो का?

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण इथे शब्दशः लागू पडते. पुनर्जोडणीत ऊर्जा झपाट्याने खर्च होते, पण पिळाचं एकूण माप (हेलिसिटी) जवळपास तसंच राहतं. एका जोडीचा पीळ दुसऱ्या जोडीकडे जातो, एवढंच. हे माप सूर्यावरून हटवायचं तर पिळलेला दोर सगळाच बाहेर फेकावा लागतो, आणि सीएमई नेमकं ते काम करतो.

दरवाजा उघडतो कशाने?

मुख्य दोन कारणं. दोराचा पीळ एका मर्यादेपलीकडे गेला, ढोबळमानाने सव्वा वेढ्यापलीकडे, की तो मधेच वळसा घेतो. नाडा फार पिळल्यावर त्याला घडी पडते, तसा. दुसरं कारण वरच्या झाकणाचं. दोराच्या वर कमानींचं क्षेत्र झाकणासारखं असतं. उंचीबरोबर ते फार भरभर क्षीण होत असेल, तर थोडा वर उचललेला दोर परत खाली येत नाही, सुटतोच.

झाकण मजबूत असेल तर काय होतं, याचं उदाहरण ऑक्टोबर २०१४ चा १२१९२ क्रमांकाचा घोळका. त्या सौरचक्रातला (डाग वाढण्या-घटण्याच्या सुमारे अकरा वर्षांच्या फेऱ्यातला) सर्वांत मोठा. त्यातून सहा एक्स ज्वाला निघाल्या, पण त्यांच्याबरोबर सीएमई जवळजवळ नाहीतच. साठा भरपूर, दरवाजेही किलकिले होत होते, पण लोंढा बाहेर पडलाच नाही. नुसता डागाचा आकार पाहून घाबरणारे आणि घाबरवणारे, दोघांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

एक्स, एम, सी म्हणजे काय? एक्स५ ही एक्स१ च्या पाचपट ऊर्जेची का?

नाही, आणि बातम्यांमध्ये ही चूक सर्रास असते. हा वर्ग ०.१ ते ०.८ नॅनोमीटर लांबीच्या क्ष-किरणांच्या शिखरावरून ठरतो. एक्स१ म्हणजे पृथ्वीजवळ दर चौरस मीटरला एका वॅटचा दहाहजारावा भाग, एम१ त्याच्या दहावा, सी१ आणखी दहावा. म्हणजे हे क्युसेक झाले, टीएमसी नव्हे. पाच मिनिटांत संपलेल्या एक्स२ पेक्षा सहा तास रेंगाळलेल्या एम५ मध्ये एकूण ऊर्जा जास्त असू शकते. आणि रेंगाळणाऱ्या ज्वालांबरोबर सीएमई असण्याची शक्यताही जास्त.

आधी सांगता का येत नाही?

कोयनेत किती पाणी आहे ते पट्टीवर वाचता येतं. कोरोनातलं क्षेत्र तसं रोज वाचता येत नाही: तिथून येणाऱ्या प्रकाशाच्या वर्णपटातल्या रेषा उष्णतेने इतक्या पसरट झालेल्या असतात, की क्षेत्रामुळे पडणारी बारीक फूट त्यात बुडून जाते. म्हणून खाली दीप्तिगोलावर मोजायचं (नासाच्या एसडीओ उपग्रहावरून पूर्ण दिशेसह दर १२ मिनिटांनी) आणि गणिताने वरचं उभं करायचं. त्यात दोन उणिवा आहेत. आडव्या क्षेत्राची रेघ कळते, पण बाण कुठल्या टोकाला ते कळत नाही. ते वेगळ्या युक्तीने ठरवावं लागतं. आणि गणित धरून चालतं, की वायूचा दाब नगण्य आहे. कोरोनात ते खरं, पण जिथे मोजमाप केलं त्या दीप्तिगोलावर ते साफ खोटं.

शिवाय साठा कळला तरी क्षण कळत नाही. कोयना परिसरात १९६७ चा भूकंप अनुभवलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. भूकंपांसारख्याच ज्वालाही लहान खूप, मोठ्या थोड्या, आणि मधे कुठे पायरी नाही: ऊर्जा दहापट धरली की तेवढ्या किंवा त्याहून मोठ्या ज्वालांची संख्या ढोबळमानाने सहापटीने घटते. म्हणून अंदाज पावसासारखाच टक्केवारीत येतो: येत्या २४ तासांत एक्स ज्वालेची शक्यता इतकी टक्के.

ज्वाला झाली की आपल्यापर्यंत काय आणि कधी पोचतं?

प्रकाश आणि क्ष-किरण ८ मिनिटं २० सेकंदांत. वेगवान प्रोटॉन दहा-वीस मिनिटांपासून काही तासांत. सीएमई बहुधा एक ते तीन दिवसांत. १८५९ चा सतरा-अठरा तासांत आला. धरणावरून विसर्ग वाढवला की भोंगा लगेच वाजतो, सांगलीत आयर्विन पुलाखाली पातळी चढायला मात्र वेळ जातो. ज्वालेचा उजेड हा भोंगा. तो ऐकू आला म्हणजे पाणी आपल्याच दिशेने सुटलंय असंही नाही. मे २०२४ मध्ये १३६६४ क्रमांकाच्या घोळक्याने १०-११ तारखेला २००३ नंतरचं सर्वांत तीव्र भूचुंबकीय वादळ आणलं, लडाखमधल्या हानलेहून लाल ध्रुवप्रकाशाची छायाचित्रं निघाली. त्याच घोळक्याची पृथ्वीजवळून मोजलेली सर्वांत मोठी ज्वाला, एक्स८.७, मात्र १४ तारखेला सुटली. तोवर घोळका सूर्याच्या कडेला पोचला होता आणि तिचा लोट भलतीकडे गेला.

साताऱ्या-सांगलीत प्रत्यक्ष काय बिघडतं?

मोबाइल जळत नाही, माणसाला काही होत नाही, वातावरण क्ष-किरण वरच अडवतं. दिवसा मोठी ज्वाला झाली तर लघुलहरी रेडिओ काही मिनिटांपासून तासाभरापर्यंत मुका होतो. हौशी रेडिओवाल्यांनी अँटेना उतरवून तपासण्याआधी उपग्रहांनी मोजलेल्या सूर्याच्या क्ष-किरणांचा आलेख बघावा. आलेखावरची वेळ जागतिक असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे.

द्राक्षबागेत फवारणीचे ड्रोन सेंटीमीटरच्या अचूकतेने उडवणाऱ्यांनी भूचुंबकीय वादळाच्या दिवशी स्थिती पक्की ठरेपर्यंत उड्डाण थांबवावं. ‘फिक्स’ वारंवार तुटत असेल तर यंत्र बदलू नका, दिवस बदला. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात सूर्यास्तानंतर आपल्या अक्षांशांवर असा त्रास वादळाविनाही होतो.

विजेचं जाळं कोसळण्याचं प्रसिद्ध उदाहरण कॅनडातल्या क्वेबेकचं. १३ मार्च १९८९, दीड मिनिटात जाळं बंद, साठ लाख लोक नऊ तास अंधारात. तो धोका ध्रुवाकडच्या भागांना जास्त. इथे वीज गेली तर आधी डीपीतला फ्यूज बघा.

आपल्याकडे यावर काम कुठे चालतं?

आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ ला निघालं आणि ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या कक्षेत बसलं. त्यावरची सूट ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकाने बांधली. सोलेक्स मऊ आणि हेलिओस कठीण क्ष-किरण मोजतं, म्हणजे बादली आणि धार दोन्ही. कोडाईकनाल आणि उदयपूरच्या वेधशाळा जमिनीवरून बघतात. आणि १८५९ च्या वादळाची जगातली एक मोलाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेची: चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक १,६०० नॅनोटेस्लांनी कोसळला होता. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून हे काम अलिबागला हलवलं.

घरच्या दुर्बिणीतून काय दिसेल? कसं लावायचं?

सूर्याकडे दुर्बिणीतून थेट कधीही बघायचं नाही. आयपीसमध्ये (डोळ्याकडच्या भिंगात) बसवायची काळी काच तर फेकूनच द्या; ती केंद्राजवळ तापून तडकते आणि तडकते तेव्हा डोळा तिथेच असतो. पडद्यावर प्रतिमा पाडणं हाच मार्ग.

६० मिमी भिंगाची, ७०० मिमी केंद्रांतराची साधी दुर्बीण घ्या. आरशाची नको, आतले भाग तापतात. २० मिमीचं जुन्या पद्धतीचं, न चिकटवलेल्या भिंगांचं आयपीस लावा. चिकटवलेल्यातला गोंद उष्णतेने फुटतो आणि प्लॅस्टिकची कड वितळते. छोट्या शोधक दुर्बिणीला टोपी घाला, नाहीतर शर्टाला भोक पडतं. नळीची सावली सर्वांत लहान होईल अशी दुर्बीण फिरवली की सूर्य सापडतो. आयपीसपासून ३६ सेंमीवर पांढरा कागद धरा आणि फोकस करा. ११ सेंमीची चकती मिळते, आणि या मापाचा फायदा असा की १ मिमी म्हणजे जवळपास एक पृथ्वी. सकाळी आठ ते दहा, जमीन तापण्याआधी, कडा कमी थरथरते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम; पावसाळ्यात महाबळेश्वरच्या बाजूला तर नादच सोडा.

ज्वाला अशा पांढऱ्या उजेडात क्वचितच दिसते, तिच्यासाठी ६५६.३ नॅनोमीटरची हायड्रोजन-अल्फा दुर्बीण लागते. पण साठा दिसतो. डागांची बाह्यरेषा पेन्सिलने रोज एकाच वेळी गिरवा, उत्तर दिशा आणि तारीख टाका. एकाच करड्या कडेच्या आत दोन-तीन काळे गाभे दाटीने बसले असतील आणि दिवसागणिक एकमेकांना घासत सरकत असतील, तर त्या संध्याकाळी क्ष-किरणांचा आलेख उघडून ठेवा.